फळीवरचं डबं

तासगावच्या कॉन्व्हेंटात सव्वीस वर्सं मी भाकरी थापते.
सिस्टरा येत्यात, जात्यात.
माझी बदली होत न्हाई.

पत्र येतं पुन्याहून, पांढरं, तीन घड्यांचं.
मदर जेवन झाल्यावर वाचत्यात.
दुसऱ्या दिशी एक पत्र्याची ट्रंक उन्हात निघते.
जाताना जास्तीचं काय न्यायचं न्हाई, असा नियम हाय त्यांचा,
म्हनून डबं माझ्याकडं ऱ्हात्यात.

ह्यो रोसिलीचा. जाड तांबडा तांदूळ, त्रिशूरचा,
शिजाय दीड तास, आन् वर म्हनायची
तुमची इंद्रायनी मंजी भातुकलीचा भात.
ती आंध्रात गेली. तांदळाला पोरकिडं लागलं.
डबा धुतला, पर दुसरं काय भरलं न्हाई.

ह्यो युसेबियाचा, मडगावची सोलं.
चाळीस दिसांच्या उपासात त्यांचं गोड बंद,
आन् नेमका तवाच शेजारच्या शेडात बेदाना वाळतो.
वारं फिरलं की समदं चॅपल गोड.
माझ्या चतुर्थीची खिचडी बघून ती म्हनाली,
"गोकुळा, ह्यो उपास? ह्यो तर नाताळ!"

सांजची माळ मराठीत.
पाच जनींच्या पाच बोल्या, मराठी एकीची बी न्हाई,
म्हनून तिच्यावरनं भांडान न्हाई.
"उदरीचे फळ" आलं की रोसिलीचा ळ माझ्याहून गोल,
बिबियानाचं मातर फल ते फलच.

एकदा पेजंचं पातेलं निसटलं.
"अम्मच्ची!"
"आयो!"
"अगो मांय!"
मी बी, "आई गं!"
आन् ब्याऐंशी वर्सांच्या ओटिलियाबाई, "मामा!"
एका दमात पाच आया सैपाकघरात उभ्या.
मग कुनी कुनाकडं बघंना.
पेज वाहत मोरीपातूर गेली.
पैल्यांदा ओटिलियाच हासली.
तिची आई मरून साठ वर्सं झालती.

ती ऑस्ट्रियाची. डिसेंबरच्या सहा तारखंला
रातच्याला समद्यांच्या चपलांत संत्रं आन् बेदान्याची पुडी ठेवायची.
कोन ठेवतं, इचारायचं न्हाई.
माझ्या बी चपलंत. टाच झिजल्याली, तरी.
आता ती मिरजंच्या मातीत हाय
आन् पुड्या मी बांधते.
माझी चप्पल रिकामी ऱ्हाती, ते आपलं चालायचंच.

ह्या साली सकाळी पाय घातला तर बोटाला चिंधी लागली.
जुन्या लुगड्याची. आत वाळलेली आंबट पानं, फुटकल.
गुमल्याहून बिबियानाची आई धाडायची ती.
हीच ती पोरगी, चैतात जिच्या गावाला
सालाची फुलं देवाला वाहत्यात.
तासगावात साल कुठला?
तिनं करंजाची डहाळी येशूच्या पायाशी ठेवली.
मदर नुस्त्या बघत ऱ्हायल्या.
म्होरल्या साली मदरच मला म्हनाल्या,
"करंज फुलला का गं वढ्याकडंचा?"

जानेवारीत पत्र आलं. बिबियाना.
पाचच्या एस्टीनं मिरज, तितनं रेल्वे.
मी अर्धा किलो बेदाना ट्रंकंत कोंबाय गेले,
ती नको म्हनाली. नियम.
मग मूठभर घेतला आन् तिथंच उभ्या उभ्या खाल्ला,
एकेक, मान खाली घालून,
कंडक्टर घंटी मारत व्हता.

चैतात नवी आली, मिझोरामची, लालरिनपुई.
मला नाव येईना, तिला मराठी.
मी दर नवीला एकच इचारते,
दुखन्यात तुला काय खावंसं वाटतं?
हातानं कपाळ दावलं, पोट दावलं, वाडगं दावलं.
ती फळीम्होरं गेली,
एकेक झाकान काढून वास घेत,
रोसिलीच्या रिकाम्या डब्याचा बी घेतला.
फुटकलपाशी थांबली.
कायतर म्हनाली.

मी म्हनून बघितलं.
तिनं मान हलवली, न्हाई.
परत म्हनाली, दमानं.
चूल पेटायची ऱ्हायली व्हती.